लिस्ट मागितलीस, पत्र घे

अरे,

तुझा मेसेज वाचला. "ताई, डान्स-इलेक्ट्रॉनिकच्या टॉप पन्नास ट्रॅक्सची लिस्ट पाठव ना, डीजे सेट बनवायचाय", आणि खाली हात जोडलेले तीन इमोजी. लिस्ट नाही देणार. देता येत नाही असं नाही, आत्ता बसले तर चहा गार व्हायच्या आत लिहून होईल, पण ती घेऊन तू काय करणार ते मला माहितेय. पन्नासच्या पन्नास डाउनलोड मारणार, पेन ड्राइव्हवर टाकणार, प्रत्येकाची पहिली चाळीस सेकंद ऐकणार आणि शनिवारी कुठेतरी वाजवायला उभा राहिलास की त्यातलं कुठलं कधी काढायचं हेच तुला कळणार नाही, कारण ती गाणी माझी असतील, तुझी नसतील. समोर नाचणाऱ्याला हे लगेच कळतं बरं का. कसं कळतं ते मला नाही सांगता येणार, पण कळतं.

त्यापेक्षा असं करते, माझ्या बॅगेतल्या काही रेकॉर्ड्सबद्दल सांगते, त्या माझ्याकडे कशा आल्या, कुठे ऐकल्या, ऐकता ऐकता आत काय सापडलं. माझ्या आठवणी तुझ्या काही कामाच्या नाहीत, तुझ्या तुलाच जमवाव्या लागतील. ऐकायची पद्धत मात्र उचलता येते, ती उचल.

सुरुवात अमेरिकन गायिका डोना समरपासून करते. 'आय फील लव्ह', १९७७ चं. माझ्याकडे आलं ते खूप नंतर, नव्वदच्या आसपास, कॅसेटवर भरून घेतलेलं. तुला हा प्रकार माहीत नसेल, तेव्हा दुकानात कोरी कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी द्यायची, तो चार-पाच दिवसांनी भरून द्यायचा, एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं, जे काय असेल ते त्यात बसवायचं. सहा मिनिटांचं एक गाणं घेतलं की दुसरं सव्वा-दीड गाणं जातं, त्यामुळे चिठ्ठी लिहिताना मी आणि माझी चुलत बहीण जाम भांडायचो, तिला सगळी फिल्मी हवी असायची आणि कॅसेटचे पैसे अर्धे तिचे असायचे. गाणी कशी लावायची, कुठलं कशाच्या मागे, बाजू संपताना काय यायला हवं, हे सगळं मी त्या चिठ्ठ्यांवर शिकले, कुठल्या सॉफ्टवेअरवर नाही.

आता हे गाणं बघ. जर्मनीत म्युनिकमध्ये झालं, जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट ह्या दोघांनी केलं, आणि जवळपास सगळं मूग सिंथेसायझरवर आहे. फक्त खालचा ठोका, किक, तेवढी माणसाने वाजवलीये, कीथ फोर्सी नावाच्या ड्रमरने, कारण मूगमधून पाहिजे तसा दणदणीत ठोका निघेना. आणि ती धावणारी बेसलाइन आहे ना, ती मुळात तू ऐकतोस त्याच्या अर्धीच वाजवलेली आहे. प्रत्येक सुराचा डिले, म्हणजे थोड्या उशिराने येणारा त्याचाच प्रतिध्वनी, मधल्या रिकाम्या जागेत येऊन बसतो, मूळ सूर एका कानात, त्याचा डिले दुसऱ्या कानात, दोन्ही मिळून ती धाव तयार होते. आमच्या घरच्या टू-इन-वनचा एक स्पीकर गेलेला होता. म्हणजे कित्येक महिने मी ह्या गाण्याची अर्धीच बेसलाइन ऐकत होते आणि तेवढ्यावरच फिदा होते! मग एकदा मैत्रिणीच्या भावाचा वॉकमन मिळाला, हेडफोन लावला आणि सगळं एकदम दुप्पट वेगाने धावायला लागलं, मला वाटलं मेल्याने कॅसेट बिघडवली की काय.

तू आता हेच मुद्दाम कर. हेडफोनची एक बाजू काढून ऐक, मग दुसरी काढून ऐक, मग दोन्ही लावून. प्रत्येक रेकॉर्डला असं करून बघ. अर्धं काय आहे ते कळलं की पूर्ण कशामुळे पूर्ण आहे ते कळतं, आणि मिक्स करताना कुठला भाग खाली घेतला तर गाणं उभं राहील आणि कुठला घेतला तर पडेल, ते कोणाला विचारावं लागत नाही.

तू मागे एकदा म्हणाला होतास की ह्या गाण्यांत तेच तेच असतं, घरचे वैतागतात. आमच्याकडे उलटं झालेलं. १९९७ ला डाफ्ट पंक ह्या फ्रेंच जोडीचं 'अराउंड द वर्ल्ड' आलं, केबलवर त्याचा व्हिडिओ लागायचा, रोबो, सांगाडे, पोहायच्या कपड्यातल्या बायका गोल गोल फिरतायत आणि गाण्यात शब्द म्हणशील तर तेच तीन, शेवटपर्यंत. चाळीतल्या आमच्या शेजारच्या आजी टीव्ही बघायला यायच्या, त्यांचं भजनी मंडळ होतं, मला वाटलं आता बोलणार काहीतरी. त्या शांतपणे पूर्ण बघत बसल्या आणि म्हणाल्या, "गजर आहे की गं हा." झालं. हाउस म्युझिक, म्हणजे शिकागोच्या क्लबांतून आलेलं हे एकसारख्या ठोक्याचं नाचायचं संगीत, ह्यापेक्षा नीट मला कोणी समजावलं नाहीये. गजरात शब्द बदलत नाहीत, टाळ बदलतो, लय चढते, म्हणणारा बदलतो. त्या गाण्यातही तसंच, वरचे शब्द सोड आणि खालचा बेस कधी बदलतो, ड्रम्स कधी जातात, कधी येतात ते मोज. साधारण आठ-आठ, सोळा-सोळा बारवर काहीतरी हलतं, एक बार म्हणजे चार ठोके. बोटांवर मोज, लाजू नकोस, मी अजून मोजते.

आता १९८२. ह्या वर्षाशी माझं जरा घरचं नातं आहे म्हणून लांब लिहिणार, कंटाळा आला तर चहा घेऊन ये.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले, त्यात आमचे बाबा. मी लहान होते, मला एवढंच आठवतं की बाबा भरदिवसा घरी दिसायला लागले आणि थोड्या दिवसांनी घरातला रेडिओ दिसेनासा झाला. त्याच वर्षी, ह्याच मुंबईत, चरणजित सिंग, हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे वादक, रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेऊन बसले, टीआर-८०८ ड्रम मशीन, टीबी-३०३ बेस मशीन आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर, आणि त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर वाजवून रेकॉर्ड केले. एचएमव्हीने तबकडी काढली, 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. फारशी कोणी घेतली नाही. मग २०१० मध्ये एडो बाऊमन नावाच्या डच माणसाने ती पुन्हा काढली आणि जगभर बोंबाबोंब झाली की अरे हे तर अ‍ॅसिड हाउस आहे, ३०३ च्या चिरकत्या आवाजाचं हाउस, शिकागोच्या पाच वर्षं आधी! चरणजित सिंग तेव्हा हयात होते, म्हातारपणी परदेशात जाऊन त्यांनी ही रेकॉर्ड लोकांसमोर वाजवली, २०१५ ला गेले.

मी ती ऐकली आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर आमच्या मजल्यावर हार्मोनियम शिकवणारे एक काका होते त्यांना बोलावून आणलं. नाव सांगितलं नाही, नुसती ललतची लावली. काकांनी डोळे मिटले, मान एकदा हलवली, आणि नंतर म्हणाले, "दोन्ही मध्यम बरोबर लागलेत. पण हा माणूस थांबत का नाही?" मी इतकी हसले. पण प्रश्न बरोबर होता त्यांचा. तो थांबत नाही कारण मशीन थांबत नाही. आपल्याकडे राग म्हणजे आधी आलाप, सावकाश एकेक स्वर उघडत जायचं, आणि इथे ८०८ पहिल्या क्षणापासून सुरू, त्याला दम घ्यायची गरज नाही, मग वरच्या वादकाला त्या धावत्या पट्ट्यावर उभं राहून रागाचा चेहरा दाखवायचाय. मालकंस लावला तेव्हा मात्र काका काही बोलले नाहीत, परत लाव म्हणाले. आणि ते ३०३ ऐक, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातं ते, त्यात स्लाइड म्हणून एक सोय होती. आपल्या कानाला ती लगेच मींड वाटते. गिटारवाल्याला साथीला बेसिस्ट नसेल तर घरी सराव करायला म्हणून बनवलेलं ते यंत्र, बेस गिटारसारखं अजिबात वाजायचं नाही, म्हणून चाललं नाही, दोन-तीन वर्षांत बंद झालं.

एक सांगून ठेवते, पार्टीत कोणी म्हणालं की अ‍ॅसिड हाउस मुंबईत जन्मलं तर माना डोलवू नकोस. शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकलेली नव्हती. दोन शहरांत दोन वेगळ्या लोकांच्या हातात तेच यंत्र पडलं आणि दोघांनीही ते कंपनीने सांगितलं तसं वापरलं नाही, एवढंच झालं, आणि मला तर हे "आम्हीच आधी केलं"पेक्षा जास्त भारी वाटतं. आपल्याकडे सगळ्याचं मूळ आपल्यातच शोधायची खाज आहे, ती गाण्यात तरी नको.

त्याच १९८२ ला तिकडे न्यूयॉर्कमध्ये आफ्रिका बंबाटाने 'प्लॅनेट रॉक' काढलं, तेही ८०८ वरच, आणि वरची चाल क्राफ्टवर्कच्या 'ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस'वरून घेतलेली, म्हणजे जर्मन चार जणांची ट्रेन ब्राँक्सला पोचली. आणि त्याच वर्षी मे महिन्यात मँचेस्टरला हासिएंडा नावाचा क्लब उघडला, न्यू ऑर्डर बँड आणि त्यांची रेकॉर्ड कंपनी फॅक्टरी ह्यांनी मिळून. मँचेस्टर म्हणजे तेही कापडगिरण्यांचंच शहर, त्यांच्या गिरण्या आपल्या आधी बंद पडत गेल्या. पुढच्या वर्षी न्यू ऑर्डरचं 'ब्लू मंडे' आलं, कव्हर फ्लॉपी डिस्कसारखं, पीटर सॅव्हिलने केलेलं, वर बँडचं नाव सुद्धा नाही. साडेसात मिनिटांचं गाणं, सुरुवातीला नुसती किक, आधी साधी, मग एकदम गोळ्या सुटल्यासारखी धडधड.

आमचं गिरणगाव पुढे कसं झालं ते तू बघतोयसच, जिथे भोंगा वाजायचा तिथे मॉल. २००७ ला मथुरादास मिल कंपाउंडमध्ये ब्लू फ्रॉग उघडलं, २०१६ पर्यंत होतं, मी तिथे पदरमोड करून ऐकायला जायचे, कारण मुंबईत त्या वेळी इतका नीट आवाज फार कमी ठिकाणी मिळायचा. आणि मी स्वतः त्याच भागात, मिलच्या शेडमधल्या एका छोट्या जागी वाजवायला लागले तेव्हा एकदा दुपारी साउंडचेकला बाबांना घेऊन गेले. बाबा साचेखात्यातले, साचे म्हणजे कापड विणायचे माग. मी ब्लू मंडे लावलं, किक फुल सोडली. बाबा वर छताकडे बघत होते, मग खाली जमिनीकडे, मग म्हणाले, "ह्याचे पैसे घेतात होय? आमच्याकडे साचे चालू असले की शेजारचा काय बोलतो ते ओठ बघून कळायचं." मग थोड्या वेळाने म्हणाले की ठोका चांगला आहे, चुकत नाही. मी अजूनही कुठेही गेले तरी साउंडचेकला तेच गाणं लावते, आणि ते काही भावुकपणाने नाही. त्या किकची जलद धडधड असते ना, खोली घुमणारी असेल किंवा सबवूफर ढिला असेल तर ते ठोके एकमेकांत मिसळून नुसता चिखल होतो, चांगल्या खोलीत एकेक ठोका सुटा ऐकू येतो. दहा सेकंदात कळतं की आज रात्री बेस किती खाली ठेवायचा. तुझ्याकडे असं एक गाणं हवं, जे तुला झोपेतही पाठ आहे, म्हणजे नवीन ठिकाणी गेल्यावर काही वेगळं वाटलं तर ते खोलीचं आहे, गाण्याचं नाही, हे पक्कं कळेल.

शिकागोचं निघालंच आहे तर 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' घे. १९८७, फ्युचर नावाचा ग्रुप, डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे. जुनं पडीक ३०३ त्यांच्या हाती लागलं, त्याची बटणं वाजत असतानाच पिळली, आणि तो चिरकणारा, बुडबुडणारा आवाज बाहेर आला. बारा मिनिटांच्या आसपास आहे आणि त्यात चाल अशी नाहीच, तो एक आवाज कुरकुरत, वाकत जातो. डीजे पिअरने सांगितलेली गोष्ट अशी की म्युझिक बॉक्स क्लबमध्ये रॉन हार्डीने ते पहिल्यांदा वाजवलं तेव्हा फ्लोअर रिकामा झाला. त्याने थोड्या वेळाने परत वाजवलं. परत. चौथ्या वेळेला लोक वेडे झाले होते. मी हे वाचून शहाणपणा करायला गेले नाही असं नाही, अंधेरीला एका बारमध्ये रात्री अकराला हे लावलं, सगळे टेबलाकडे निघून गेले, एकाने येऊन मोबाइलवर मोठ्या अक्षरात पंजाबी गाण्याचं नाव लिहून दाखवलं. फरक एवढाच की रॉन हार्डीचे लोक दर आठवड्याला त्याच्याकडेच येणारे होते, त्यांचा त्याच्यावर भरवसा होता, माझ्यासमोरचे लोक ऑफिसच्या पार्टीला आलेले. म्हणून रेकॉर्डची गोष्ट नुसती वाचून उपयोग नाही, ती कोणासमोर घडली ते बघ. तुझे नेहमीचे वीस लोक असतील तर विचित्र गाणं चार वेळा लाव, बिनधास्त. अनोळखी जागी पहिला तास त्यांचा, मग हळूहळू तुझा.

ते गाणं मी टाकून नाही दिलं. आता मी ते रात्रीचे बारा वाजल्याशिवाय काढत नाही, आणि पूर्ण वाजवते.

त्याच शहरातलं, एक वर्ष आधीचं, लॅरी हर्डचं 'कॅन यू फील इट', तो मिस्टर फिंगर्स नावाने काढायचा. हे माझं सगळ्यात आवडतं, आणि ह्याबद्दल लिहायला मला सगळ्यात कमी सुचतं. ज्युनो सिंथवरचा खोल गुबगुबीत बेस, वर ते लांब कॉर्ड्स, ड्रम्स सोडले तर बाकी काही नाही. रात्रभर वाजवून झाल्यावर केबल्स गुंडाळून, पैशांसाठी मॅनेजरच्या मागे फिरून, चर्चगेटहून पहिली लोकल पकडायची, लेडीज डब्यात मी आणि ससून डॉकहून मासे घेऊन निघालेल्या, नाहीतर फुलांच्या टोपल्या घेतलेल्या दोन-चार बायका, त्या माझ्याकडे बघायच्या की ही ह्या वेळी कुठून येतेय, आणि कानात हे. एक मावशी रोज नाही पण बऱ्याचदा असायची, एकदा तिने विचारलं काय ऐकतेस गं एवढं, एक हेडफोन दिला तिला, दादर येईपर्यंत ठेवला कानात, उतरताना म्हणाली, "गाणारा आलाच नाही." बरोबर आहे, नाही येत. तो न आल्याने जी जागा उरते ती तुझी, म्हणून ह्या गाण्यावर लोक डोळे मिटून नाचतात. तुझ्या सेटमध्ये अशी रिकामी जागा ठेव, सारखं काहीतरी येत राहिलं की माणूस थकतो. हल्ली दर तीस सेकंदाला ड्रॉप, म्हणजे सगळं थांबवून एकदम दणक्यात बेस सोडायची, घाई दिसते, मला ते बघून दम लागतो.

आपल्याकडचं म्हणशील तर नाझिया हसन सोडून पुढे जाऊ नकोस. 'आप जैसा कोई' १९८० चं, 'कुर्बानी'तलं, ती तेव्हा पंधरा वर्षांची होती, गाणं लंडनला रेकॉर्ड केलेलं, संगीत बिद्दूचं, जो मूळ बंगळुरूचा. आमच्या वाडीत गणपतीला लाउडस्पीकरवर आरती झाली की हेच, वर्षानुवर्षं. मला ते इतकं पाठ की मी ते कधी ऐकलंच नव्हतं, म्हणजे नीट. मोठेपणी चांगल्या स्पीकरवर लावलं तेव्हा कळलं की हा बेस, ही जागा, हे त्या वेळच्या इतर फिल्मी गाण्यांत नव्हतं, शंभर व्हायोलिनं नाहीत, मोकळं आहे. तुझ्याही घरात, लग्नात, रिक्षात अशी गाणी वाजत असतील ज्यांना तू चिल्लर समजतोस. त्यातली दोन-तीन उचलून एकदा चांगल्या हेडफोनवर ऐक.

तलविन सिंगचं 'अनोखा' पण ऐक, १९९७ चं कंपायलेशन, लंडनमधल्या आपल्या पोरांचं काम. मी काळा घोड्याच्या रिदम हाउसमधून कॅसेट घेतली, ते दुकानही २०१६ ला बंद झालं. तबला आणि ड्रम अँड बेस, म्हणजे जलद ड्रम्स आणि खोल बेसचं ते नाचायचं संगीत, एकत्र कसे बसतात ते त्यात आहे, काही गाणी आज जुनी वाटतात, काही अजिबात नाही. ह्यावर एवढंच.

व्हायनल, म्हणजे तबकड्या, घ्यावं का, विचारलंयस. पैसे असतील तर घे, नसतील तर कर्ज काढून नको, त्याने कोणी मोठा होत नाही. पण बारा इंची सिंगल का असते ते तरी माहीत असू दे. आवाज जितका मोठा आणि बेस जितका खोल, तितकी खाच जास्त रुंद हलते, म्हणून तिला जागा लागते. सात इंचीवर गाणं लांब केलं की आवाज बारीक करावा लागतो. सत्तरच्या दशकाच्या मध्यात न्यूयॉर्कला टॉम मोल्टनच्या मिक्सची टेस्ट कापायला सात इंची कोऱ्या चकत्या शिल्लक नव्हत्या म्हणून मोठ्या चकतीवर कापली, आणि ती इतकी दणक्यात वाजली की सगळ्यांचे डोळे उघडले. १९७६ ला डबल एक्स्पोजरचं 'टेन पर्सेंट' दुकानात विकायला आलं, ती विकली गेलेली पहिली बारा इंची सिंगल. म्हणजे तुला जे लांबलचक इंट्रो आणि आउट्रो मिक्स करायला आयते मिळतात त्यांच्या मागे हे आहे. चोर बाजारात मटण स्ट्रीटला गेलास तर रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून बघ, बारीक केसासारखे ओरखडे चालतात, नखाला लागणारा ओरखडा नाही चालत, आणि सपाट जागेवर ठेवून वाकलीये का बघ. भाव सांगितल्यावर लगेच मान हलवू नकोस. आणि दुकानदाराशी बोल, तिथल्या काही जणांना कुठली रेकॉर्ड कोणाच्या घरून आली ते आठवत असतं.

आता मुद्द्याचं काम. एक वही कर. फोनमध्ये नाही, वही. जे गाणं तुला हलवेल त्याचं नाव लिही आणि पुढे कुठे ऐकलंस, किती वाजता, बरोबर कोण होतं, फ्लोअरवर काय झालं. गाण्याचा टेम्पो मशीन दाखवतंच, तो लिहायची गरज नाही. माझ्या वह्यांत "पाऊस, जनरेटर गेला, सगळे उभेच राहिले" असलं काहीतरी लिहिलंय, आणि आज ते वाचलं की मला तिथे कुठलं गाणं होतं, पुढे कुठलं लावलं, सगळं दिसतं. एखाद्या रात्री समोर तशीच हवा तयार झाली की हात आपोआप त्या गाण्याकडे जातो. लिस्ट लिस्ट म्हणतोस ती हीच, पण ती बनायला वेळ लागतो आणि बाहेर जावं लागतं.

ह्या वर्षी विसर्जनाला लालबागला जा, दर्शनाच्या रांगेत नाही, रस्त्यावर. बेंजो पार्टीच्या मागे चालत राहा. तो ऑक्टोपॅडवाला बघ, रोलँडचंच यंत्र पण बघ कसं वापरतोय. मिरवणूक अडली की ते लय कशी धरून ठेवतात, पुढे सरकली की कशी सोडतात, कोळीगीतावरून सिनेमातल्या गाण्यावर जाताना मधे ताशाचा तुकडा कसा टाकतात, तुझ्या त्या महागड्या मिक्सिंगच्या व्हिडिओत हे नाही मिळणार. डॉल्बीच्या भिंतीसमोर मात्र उभा राहू नकोस, पोरं स्पीकरला कान लावून नाचतात ते बघून माझ्या पोटात गोळा येतो. पंच्याऐंशी डेसिबल आठ तास चालतात असं धरलं तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे शंभरला पंधराच मिनिटं. बाबांच्या खात्यातले बहुतेक सगळे म्हातारपणी मोठ्याने बोलायचे, बाबा पण. इअरप्लग घे, संगीतवाल्यांचे मिळतात, आवाज चिरडत नाहीत, नुसता खाली आणतात. माझ्याकडे जास्तीचा जोड आहे, येशील तेव्हा ने.

आणि शेवटी तू जे लाजत लाजत लिहिलंयस, की डोंबिवलीच्या पुढे एका हळदीला वाजवायला बोलावलंय, त्यांना फक्त आगरी-कोळी रिमिक्स हवेत आणि तुला कळत नाहीये घ्यावं का. घे की! त्यात लाजण्यासारखं काय आहे? हळदीत कोणी तुझं कौतुक करायला उभं नसतं, आवडलं तर काकू पदर खोचून येते, नाही आवडलं तर जेवायला निघून जाते, इतका सरळ फ्लोअर तुला बांद्र्याला कुठे मिळणारे. ती गाणी आधी नीट ऐकून जा, वर सांगितलं तसं, एक कान काढून, मोजत, आणि मधे कुठेतरी दोन मिनिटं चरणजित सिंगांची कलावती टाकून बघ, टेम्पो जुळव, कोणाला सांगू नकोस. निम्मे पैसे आधी घे. दहाला आवाज बंद करायचा नियम आहे, मंडप कोणाचाही असला तरी, तेव्हा तुझी चांगली गाणी साडेनऊच्या आत वाजवून घे, लोक "अजून एक" करत राहतील आणि पोलीस आले तर समोर तूच असशील. आणि हो म्हणायच्या आधी त्यांना दोन गोष्टी विचारून घे, जनरेटर आहे का, आणि माइक कोणाच्या हातात असणार. दुसरी जास्त महत्त्वाची आहे, नवऱ्याचा मामा असेल तर रेट वाढव.

तुझी,
ताई